फुलोरा वर बांधला होता म्हणून वाचला

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या काही दिवसांपासून तुमच्या पेपरात रोज पावसाळ्याआधीच्या तयारीच्या बातम्या येऊन राहिल्या, कुठला नाला साफ झाला, कुठला राहिला, नाग नदीतला गाळ काढला की नाही, हे सगळं मी वाचते, वाचावंच लागते कारण आम्ही अंबाझरी तलावाच्या खालच्या अंगाला राहतो आणि तेही ग्राऊंड फ्लोअरवर. पण घरातल्या खाण्यापिण्याची तयारी काय करायची, घरात पाणी शिरलं तं पहिल्या दोन-तीन दिवसात माणसं काय खातील आणि काय पितील, यावर कुठे एक ओळ दिसत नाही म्हणून हे पत्र लिहून राहिली आहे. पत्र लांबेल, छापताना कापावं लागलं तं कापा पण गहू आणि गव्हात टाकायच्या गोळीबद्दल जे लिहिलं आहे तेवढं कृपा करून कापू नका.

२२ सप्टेंबर २०२३ ची ती पुराची रात्र नागपूरकर विसरले नसतील. पण बाकीच्यांना एक गोष्ट कदाचित लक्षात नसेल की त्या दिवशी महालक्ष्म्यांचं, म्हणजे गौरींचं, जेवण होतं. आमच्याकडे महालक्ष्म्या बसतात, वर्ध्याहून दीर, जाऊ आणि त्यांची दोन मुलं आली होती, दिवसभर सोळा भाज्या, पुरणपोळी, आंबील, कढी, वडे, सगळं रीतीप्रमाणे झालं, संध्याकाळचं हळदीकुंकू झालं, भांडी आवरून झोपायला आम्हाला बारा वाजून गेले. उरलेलं पुरण, भाज्या, कढी असं सगळं फ्रिजमध्ये ठासून ठेवलं होतं, दुसऱ्या दिवशी विसर्जन झालं की सगळ्यांना बांधून द्यायचं म्हणून. म्हणजे वर्षातून ज्या एका दिवशी घरात सगळ्यात जास्त अन्न असते नेमकी तीच रात्र होती.

पहाटे साडेतीनच्या सुमारास सासूबाईंनी हाक मारली, त्या उठून बसल्या होत्या आणि पायाला पाणी लागून राहिलं होतं. लाईट गेलेले. मोबाईलच्या उजेडात पाहिलं तं हॉलमध्ये चपला तरंगत होत्या, आणि पाणी संडासाच्या भांड्यातून उलटं वर येत होतं, ते तं मी मरेपर्यंत विसरणार नाही. काही तासात शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, तलाव भरून सांडव्यावरून पाणी सुटलं, नाग नदी रस्त्यावर आली, मोरभवनाच्या स्टँडवर बसगाड्या बुडाल्या, सैन्य बोलवावं लागलं हे सगळं आम्हाला नंतर कळलं. तेव्हा फक्त सासूबाईंना उचलून वरच्या मजल्यावर नेणं, मुलं नेणं, महालक्ष्म्यांचे मुखवटे नेणं एवढंच सुचलं. खाण्याची एक वस्तू कोणी सोबत घेतली नाही, कोणाच्या मनातच आलं नाही.

वरच्या मजल्यावर काकू एकट्या राहतात, सत्तरीच्या पुढे, स्वभावाने फार मायाळू, त्यांनी आम्हा आठ जणांना आत घेतलं, अंगावर द्यायला साड्या काढल्या, टॉवेल काढले. पण त्यांच्या घरात होतं काय तं अर्धा लिटर दूध, अर्धा ब्रेड, एक वाटी रवा आणि दोन फळं. त्यांचा दोष नाही हो, एकट्या बाईला लागते किती, आणि आता मोबाईलवर मागवलं की दहा मिनिटात येते म्हणून कोणी भरून ठेवत नाही. शेगडी इंडक्शनची, सिलेंडर त्यांनी परत करून टाकला होता आणि लाईट नाही. पाण्याचं तं त्याहून वाईट, बिल्डिंगची खालची टाकी जमिनीत आहे, तिच्यात पुराचं घाण पाणी शिरलं, वरच्या टाकीत जे होतं ते सकाळी आठपर्यंत संपलं. चारही बाजूंनी पाणी आणि प्यायला घोटभर नाही.

सकाळी सातला धाकटी पुतणी भूक लागली म्हणून रडायला लागली. आमचे हे शुगरचे पेशंट, सकाळची गोळी घेऊन मोकळे झाले होते सवयीने, आणि पोटात काही नाही, साडेआठला त्यांचे हात थरथरायला लागले, घाम सुटला. काकूंच्या डब्यातली साखर पाण्यात कालवून दिली तेव्हा सावरले. खाली आमच्या घरात पंचवीस माणसं जेवतील एवढं अन्न होतं आणि त्यातला एक घास कामाचा नव्हता, फ्रिज आडवा पडून तरंगत होता, पुरणाच्या पातेल्यात गटाराचं पाणी.

पाणी गुडघ्याइतकं उतरल्यावर दीर खाली गेले आणि हातात काय घेऊन आले तं फुलोरा. ज्यांच्याकडे महालक्ष्म्या नसतात त्यांच्यासाठी सांगते, देवीच्या डोक्यावर जो माटव बांधतात त्याला करंज्या, साटोऱ्या, पापड्या, तिखटमिठाच्या पुऱ्या असं तळलेलं दोऱ्यात ओवून टांगतात. घरातलं सगळं भिजलं, गाद्या, कपाटातले कपडे, मुलाची सर्टिफिकेटं, आणि माणसाच्या डोक्याच्या वर बांधलेला फुलोरा कोरडा ठणठणीत. त्या दिवशी आम्ही नऊ जणांनी तोच खाल्ला, थोडाथोडा, मोजून, मुलांना आधी. सासूबाई म्हणाल्या, आईने आपल्यासाठीच वर बांधून ठेवला होता बाई. मला तेव्हापासून सारखं वाटते की हे देवीने आपल्याला दाखवून दिलं आहे, कोरडं, टिकणारं, न शिजवता खाता येणारं आणि उंचावर. आपत्तीच्या पिशवीत याच चार गोष्टी लागतात.

आता तुम्ही म्हणाल की नागपूरकरांना साठवण काय शिकवायची. खरं आहे. आपल्याकडे मार्च-एप्रिल आला की इतवारीतून नाही तं कळमन्यातून वर्षाचा गहू येतो, तूर डाळीला ऊन दाखवतात, मे महिन्यात गच्चीवर कुरडया, सरगुंडे, मुगाच्या वड्या, पापड, मिरच्या, चिंच फोडून ठेवणं, सगळं चालते, आता कमी झालं पण आहे. आणि ही साठवण कामाची आहेच. २४ मार्च २०२० च्या रात्री लॉकडाऊन जाहीर झाला तेव्हा लोक दुकानांवर तुटून पडले, आम्हाला महिनाभर दाणा आणावा लागला नाही. मार्च २०२५ मध्ये मध्य नागपुरात संचारबंदी लागली तेव्हा माझी मावसबहीण तिकडेच होती, भाजी नाही दूध नाही, पण तिच्याकडे वड्या होत्या, बेसन होतं, वाळलेली अंबाडी होती, झुणका-भाकर आणि वड्यांच्या रश्श्यावर पाच-सहा दिवस काढले तिने, मुलांना उपाशी ठेवलं नाही.

पण बहिणीच्या घरात गॅस होता, नळ होता, छप्पर शाबूत होतं, फक्त बाहेर जाता येत नव्हतं. त्यासाठी धान्याची कोठी चालते. आमच्यासारखं घरच बुडालं की कोठी बुडते, चूल बुडते, आणि शिजवायचं धान्य असून नसल्यासारखं होते. म्हणून माझं म्हणणं असं की घरात दोन्ही पाहिजे, एक नेहमीची साठवण आणि दुसरी वेगळी बांधून ठेवलेली पिशवी, आणि पहिली आहे म्हणून दुसरीची गरज नाही असं समजू नका, आम्ही तेच समजत होतो.

आमची पिशवी कशी आहे ते सांगते, हे काही पुस्तकातलं नाही, दोन पावसाळे ठेवून, चुकून, बदलून ठरलेलं आहे. आम्ही घरात चौघं, तीन दिवसांचा हिशेब धरला, कारण आमच्याकडे पाणी, वीज, दुकानं सगळं पुन्हा सुरळीत व्हायला जवळपास तेवढे दिवस गेले होते. सातूचं पीठ दीड किलो. सातू म्हणजे आपली विदर्भातली सोन्यासारखी वस्तू आहे, गहू आणि डाळवं भाजून दळलेलं, गुळाच्या पाण्यात कालवलं की जेवण झालं, गॅस नको, भांडं नको, म्हाताऱ्या माणसाला दात नसले तरी चालते, आणि आपण ती फक्त आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आठवतो. सोबत दीड किलो गूळ, एक किलो फुटाणे, एक किलो भाजलेले शेंगदाणे, पातळ पोह्यांचा कोरडा चिवडा दीड किलो, किलोभर खजूर, बिस्किटाचे पुडे, मीठ, साखर, लिंबाच्या लोणच्याची छोटी बरणी. हे सगळं मिळून आठ-नऊ किलोच्या आसपास होते, एका माणसाला उचलून जिना चढता येते, आणि तेच महत्त्वाचं आहे. आधी मी त्यात तांदूळ, डाळ, कुकर असं सगळं भरलं होतं, मुलाने एकदा उचलून पाहिलं आणि म्हणाला आई हे घेऊन आजीला पण धरायचं आहे मला, तेव्हा सगळं काढलं.

चिवडा-शेंगदाणे जास्त ठेवले की तहान लागते हेही लक्षात ठेवा, ज्यांना बीपी आहे त्यांच्यासाठी बिनमिठाचे फुटाणे वेगळे बांधा. शेंगदाणे भाजलेले असले तरी आपल्या मे महिन्याच्या उन्हाळ्यात दोन-तीन महिन्यांत खवट होतात, चिवड्याचं तेल लवकर वास मारते, म्हणून पिशवी भरून विसरायची नसते. आम्ही दर दोन महिन्यांनी पौर्णिमेला काढतो, आतलं खाऊन टाकतो, नवीन भरतो. वाया काही जात नाही कारण हे आपलं रोजचंच खाणं आहे. बाहेरच्या देशातले लोक डबाबंद काय काय ठेवतात, ते आपल्याकडे महागही पडते आणि अडचणीच्या वेळी अनोळखी चव मुलं तोंडात घेत नाहीत.

प्रत्येक वस्तू आधी जाड प्लॅस्टिकच्या थैलीत हवा काढून, मग घट्ट झाकणाच्या डब्यात, आणि डबे पिशवीत. पिशवी सज्जावर, म्हणजे छताखालच्या माळ्यावर. खाटेखाली नाही, ओट्याखाली नाही, देवघराच्या खालच्या कप्प्यात नाही. आणि सज्जावरही अशी की शिडी न शोधता स्टूलवर चढून हाताला येईल, पहाटे साडेतीनला अंधारात शिडी सापडत नाही. त्यातच टॉर्च, एक सुरी, चार स्टीलचे पेले, काडेपेटी प्लॅस्टिकमध्ये, ओआरएसची पाकिटं, रेशनकार्ड आणि आधारच्या झेरॉक्स, थोडे सुटे पैसे कारण लाईट आणि नेटवर्क गेलं की फोनवरून पैसे देता येत नाहीत, आणि एका कागदावर नंबर लिहून, ११२, १०८, जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा १०७७. ओआरएस संपलं तं एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, छोटे चमचे, मीठ अंदाजाने टाकायचं नाही, जास्त झालं तं लहान मुलाला उलट अपाय होतो.

शुगरची, बीपीची औषधं आठ दिवसांची वेगळी काढून त्यातच. आणि ज्यांच्या घरी इन्सुलिन आहे त्यांच्यासाठी सांगते, लाईट गेले की घाबरून बर्फात खुपसू नका, गोठलेलं इन्सुलिन कामाचं राहत नाही, मातीच्या मडक्यात पाणी घालून त्यात कोरड्या डब्यात बाटली ठेवली तं बऱ्यापैकी थंड राहते. तान्हं बाळ असेल तं आईचं दूध चालू ठेवणं सगळ्यात सुरक्षित, पावडरीच्या दुधाला स्वच्छ उकळलेलं पाणी लागते आणि पुरात नेमकं तेच नसते.

पाण्याबद्दल थोडं जास्त लिहिते कारण उपाशी माणूस दोन दिवस काढेल, नागपूरच्या हवेत पाण्याशिवाय काढणार नाही. पिणं आणि थोडंफार तोंड-हात धुणं धरून माणशी रोज चार लिटर, चौघांचे तीन दिवसांचे अठ्ठेचाळीस लिटर, म्हणजे वीस-वीस लिटरचे दोन कॅन आणि वर आठ बाटल्या. हे सज्जावर चढत नाही, आम्ही वरच्या काकूंच्या घरी ठेवले आहेत, त्यांनीच जागा दिली. ग्राऊंड फ्लोअरवाल्यांनी वरच्यांशी असं बोलून ठेवायला पाहिजे, संकोच करू नका. नळाचं पाणी महिन्याला बदलतो, जुनं झाडांना. एरवीही पेंच धरणाच्या पाण्याच्या लाईनचं काम निघालं की दिवस-दीड दिवस नळ येत नाही, तेव्हाही हेच पाणी कामी येते. पुरानंतर नळ आला तरी पहिले काही दिवस ते पाणी उकळूनच प्यायचं, बुडबुडे खळखळा आल्यावर एक मिनिटभर तरी, किंवा क्लोरीनच्या गोळ्या पाकिटावर लिहिल्याप्रमाणे टाकून अर्धा तास थांबायचं. गढूळ असलं तं आधी धोतराच्या स्वच्छ फडक्यातून गाळायचं, गढूळ पाण्यात क्लोरीनचा जोर कमी होतो. आणि जमिनीतली टाकी पूर्ण उपसून, घासून, ब्लीचिंग टाकून धुतल्याशिवाय तिचं पाणी वर चढवायचं नाही. आमच्या बिल्डिंगमध्ये एकाने घाईने पंप सुरू केला आणि त्या आठवड्यात तीन घरात जुलाब.

आता गव्हाचं. आमच्या कोठीत दोन क्विंटल गहू होता, बाजूला पंचवीस किलो तूर डाळ, भंडाऱ्याचा तांदूळ. पाणी उतरल्यावर सगळे सांगू लागले की धुऊन वाळवा, दळून आणा, काही होत नाही, आमच्या आजीने पण असंच केलं होतं. मी खरंच गच्चीवर चादरी टाकून पसरला, दोन दिवस पावसाळी हवा, ऊन धड नाही, तिसऱ्या दिवशी आंबूस वास आणि खालच्या थराला मोड. भाचीने फूड टेक्नॉलॉजी केलं आहे, तिने फोनवर रडकुंडीला येऊन सांगितलं की मामी हा गहू कोणाला देऊ नको, गाईला पण घालू नको. एक तं त्याच्यात गटाराचं पाणी गेलेलं. दुसरं म्हणजे ओल्या दाण्यावर जी बुरशी येते तिच्यातलं विष, अफ्लाटॉक्सिन म्हणतात त्याला, ते पोळी भाजून, भात शिजवून जात नाही, बुरशी पुसली तरी विष दाण्यात राहते आणि ते लिव्हरला मारते. सासूबाई रडल्या, अन्न असं टाकायचं नसते म्हणून. मी पण रडली. पण टाकला. पुराचं पाणी लागलेलं पीठ, डाळ, मसाले, कांदे, आट्यांच्या झाकणाच्या बरण्यांमधलं लोणचंसुद्धा टाकायचं, फिरकीच्या झाकणातून पाणी आत जाते. पूर्ण सीलबंद पत्र्याचा डबा, कुठे फुगलेला-चेपलेला नसेल, तोच फक्त धुऊन निर्जंतुक करून वापरता येतो.

त्याच रांगेत फ्रिज. घरात पाणी नाही आलं, नुसते लाईट गेले, तरी फ्रिजचं दार बंद ठेवलं तं आतलं चारेक तास थंड राहते, फ्रीझर गच्च भरला असेल तं दोन दिवसांपर्यंत, अर्धा असेल तं एक दिवस. आपण काय करतो, दर दहा मिनिटांनी उघडून पाहतो. मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत वीज गेली आणि दुपारचा भात, वरण ओट्यावर राहिलं तं तासाभरात त्याचा भरवसा राहत नाही, वास आला नाही म्हणजे चांगलं आहे असं नसते, आणि शिळा भात पुन्हा गरम केला तरी त्यात तयार झालेलं विष जात नाही.

नवीन गहू आम्ही पुढच्या एप्रिलमध्ये भरला तेव्हा कोठी बदलली नाही पण जागा बदलली. आता ती विटांवर फळ्या टाकून अडीच फूट उंच केली आहे, भिंतीपासून वीतभर लांब, ओल लागू नये म्हणून. आणि सगळं एकाच कोठीत नाही, अर्धं वरच्या काकूंकडे. गहू भरायच्या आधी दोन-तीन कडक उन्हं द्यायची, दाणा दाताखाली कट्ट वाजला पाहिजे, दबला तं ओल आहे, बारा टक्क्यांच्या वर ओल राहिली की किडे येणारच. ऊन दाखवल्यावर गरम गरम भरायचा नाही, सावलीत निवू द्यायचा, नाहीतर झाकणाला घाम सुटतो. कडुनिंबाचा पाला सावलीत पूर्ण वाळवून थराथरात, तूर डाळीला किलोमागे एक छोटा चमचा एरंडेल चोळून. रवा-बेसन आणलं की तीन-चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवून मग डब्यात, अंडी मरतात, जाळ्या होत नाहीत. पीठ महिन्याच्या वर दळून ठेवू नका, दाणा टिकतो, पीठ टिकत नाही. आणि नवीन आणलेलं मागे, जुनं पुढे, डब्यावर चिकटपट्टी लावून महिना लिहायचा, माझ्या सुनेने ही सवय लावली मला आणि ती एकच सवय मोठी उपयोगाची आहे.

आणि ज्यासाठी हे पत्र मुद्दाम लिहायला बसली ती गोष्ट. गव्हात टाकायची गोळी. धान्याच्या दुकानात हळूच पुडी बांधून देतात, बाईसाहेब दोन टाका, वर्षभर किडा येणार नाही. ही गोळी अॅल्युमिनियम फॉस्फाईडची असते, हवेतली ओल लागली की तिच्यातून फॉस्फिन नावाचा गॅस निघतो, लसणासारखा किंवा सडक्या मासळीसारखा वास येतो, कधी येतही नाही, आणि या विषावर उतारा नाही, डॉक्टर फक्त लक्षणांवर इलाज करतात. ही बंद गोदामात, प्रशिक्षित माणसाने, आत कोणी राहत नसताना वापरायची वस्तू आहे. आपण ती बेडरूममध्ये पलंगाखालच्या पिंपात टाकतो आणि त्याच पलंगावर मुलं झोपवतो. देशभरातून दर वर्षी अशा बातम्या येतात, रात्री झोपलेलं कुटुंब, सकाळी मुलं उठली नाहीत, आणि तरीही गोळी विकली जाते. विचार करा, घरात पुराचं पाणी शिरलं आणि कोठीत ही गोळी असली तं काय होईल. आमच्याही कोठीत आधीच्या वर्षापर्यंत असायची, मला दुकानदाराने साधी पावडरची गोळी म्हणून दिली होती आणि मी विचारलं नाही, हे आठवलं की आजही अंगावर काटा येतो. पाऱ्याच्या गोळ्या म्हणून मिळतात त्याही नको, बोरिक पावडर तं खाण्याच्या धान्याला लावूच नका. किडा लागला तं चाळा, ऊन द्या, लवकर संपवा. किडा लागलेला गहू परवडतो.

हे सगळं वाचून कोणी म्हणेल की ज्यांच्याकडे भरायला पैसे आहेत त्यांच्यासाठी हे ठीक आहे. बरोबर आहे ते म्हणणं. आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताई नाल्याच्या काठच्या वस्तीत राहतात, त्यांच्या घरात तं आमच्याही आधी पाणी गेलं. रेशनवर माणशी महिन्याला पाच किलो धान्य मिळते, ते महिन्याच्या वीस तारखेला संपते, त्यातून साठवायचं काय? पण त्यांनीच मला सांगितलं की त्यांची आई रोज स्वयंपाकाला बसताना एक मूठ धान्य वेगळ्या गाडग्यात टाकायची. मूठ म्हणजे चाळीस-पन्नास ग्राम, महिन्याला सव्वा-दीड किलो. ताईंनी आता तसं तांदळाचं सुरू केलं, महिनाअखेरीस त्याचे मुरमुरे करून आणतात, थैलीत बांधून खुंटीला वर टांगतात. आम्ही त्यांना सातू आणि गूळ देतो, कामाला येतात म्हणून उपकार नाही, पुराच्या दिवशी त्याच सगळ्यात आधी आमचं घर धुवायला आल्या होत्या, स्वतःचं घर तसंच टाकून. माझी फ्लॅट स्कीमवाल्यांना विनंती आहे की मेंटेनन्सच्या पैशातून वॉचमन, कामवाल्या बाया यांच्यासाठी पण पिशव्या करा, गणपतीच्या वर्गणीइतकाही खर्च येत नाही.

आणि हे सगळं आत्ताच, शांतपणे. मे २०२५ मध्ये सीमेवर तणाव होता, देशभर मॉक ड्रिल झाली, तेव्हा आमच्या गल्लीतले लोक एका दिवसात पोती-पोती साखर-तेल उचलायला लागले, दुकानात दुसऱ्याला काही उरलं नाही, शेवटी कामवाल्या ताई रिकाम्या हाताने परत आल्या. घाबरून भरलं की शेजाऱ्याच्या ताटातलं जाते. दर महिन्याच्या किराण्यात अर्धा किलो गूळ, अर्धा किलो फुटाणे जास्त घेतले तं तीन महिन्यांत पिशवी भरते आणि बाजाराला कळतही नाही.

संपादक साहेब, तुम्हाला दोन विनंत्या आहेत. मृग लागायच्या आधी एखाद्या रविवारी अर्धं पान या विषयाला द्या, मोठ्या अक्षरात, म्हणजे लोक कापून ओट्यावर लावतील, पाण्याचा हिशेब, ओआरएसचं प्रमाण, भिजलेलं काय टाकायचं आणि काय नाही, एवढं तरी. आणि दुसरं, गव्हाच्या गोळीबद्दल तुमचे रिपोर्टर बाजारात जाऊन पाहू द्या, कोण विकते, कोणत्या पुडीत देते, वर काही लिहिलेलं असते का, आणि ज्या खात्याने हे थांबवायला पाहिजे त्यांना विचारा. मी लेखी तक्रार देऊन आली होती एका कार्यालयात, पोच पण आहे, पुढे काही झालं नाही.

येत्या पौर्णिमेला आमची पिशवी निघणार आहे. सातू भाजून ठेवली आहे, चक्कीवरून दळून आणायची आहे, काकूंच्या पिशवीसाठी पण त्यातूनच अर्धा किलो काढणार आहे, त्यांनी आता सिलेंडर परत घेतला.

आपली,
एक नियमित वाचक, नागपूर